एका पिशवीत एकच रोप

म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि रोपवाटिका लेकीच्या गळ्यात पडली. चौदा वर्षांनी ती त्या फाटकातून आत येत होती. चौदा वर्षांपूर्वी कलमांना पाणी जास्त झालं, म्हणून बापाने तिला गिऱ्हाइकांसमोर असं झाडलं होतं की त्याच दुपारी कपडे भरून ती शहरात गेली आणि शिवणकामावर पोट भरू लागली. म्हाताऱ्याचा हात झाडांना जितका मऊ, तितकीच जीभ माणसांना तिखट. त्याने बोलावलं नाही, ही आली नाही. दोघं एकाच माळेचे मणी.

बाप महिनाभर दवाखान्यात होता. तेवढ्यात सगळं लखलखीत करून दाखवायचं, असं तिने मनाशी घेतलं. रोपांमधलं तिला फारसं कळत नव्हतं, पण बापाचा एक नियम लहानपणापासून पाठ होता: एका पिशवीत एकच रोप, दुसरं दिसलं की उपट.

मागच्या कोपऱ्यात चंदनाच्या तीनशे पिशव्या होत्या. अंगणातलं तीस वर्षांचं चंदन गेल्या साली चोरांनी करवतीने कापून नेलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात म्हाताऱ्याने झाडाखालची बी वेचून ठेवली होती, त्या बियांची ही रोपं. त्या झाडाचं आता एवढंच उरलं होतं. आणि पाहावं तर प्रत्येक पिशवीत चंदनाला खेटून तूर उगवलेली! खतातून बी आलं असेल, आजाऱ्याच्या हातून निंदणी राहिली असेल, असं तिला वाटलं. सुटा धागा दिसला की कात्री चालवणारी बाई ती. दोन दुपारींत तिने सगळी तूर उपटून टाकली.

म्हातारा घरी आला. उजवा हात गेला होता, पण बोलणं सावकाश का होईना, स्पष्ट होतं. ओसरीतल्या खुर्चीवरून त्याने पिशव्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "छान ठेवलंयस." उभ्या जन्मात त्याच्या तोंडून हा शब्द तिने ऐकला नव्हता. पन्नाशीची बाई, स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पंधरा दिवसांत चंदनाची पानं पिवळी पडू लागली. तिने पाणी कमी केलं, वाढवलं, पिशव्या सावलीत नेल्या, परत उन्हात आणल्या. बापाला विचारलं तर तो नजर वळवून म्हणाला, होतं असं कधीकधी.

मग एके सकाळी एक निवृत्त वनरक्षक रोपं न्यायला आला. पिशव्यांकडे बघून त्याने पहिला प्रश्न केला, यांची तूर कुठे गेली? चंदन एकट्याने जगत नाही, त्याने समजावलं. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून अन्नपाणी घेतात. लहानपणी तूर, मोठेपणी एखादं मोठं झाड, शेजारी कुणीतरी लागतंच. तो गेल्यावर तिने पिशव्या पाहिल्या. जेमतेम चाळीस रोपांच्या शेंड्यांत हिरवेपणा उरला होता.

लपवावं, कीड पडली म्हणून सांगावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण ती ओसरीत गेली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, तूर मी उपटली. तुमचं झाड मी मारलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आलो त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत? तेव्हाच परत लावली असती तर निम्मी तरी वाचली असती."

म्हातारा डाव्या हाताने उजवा हात चोळत राहिला.

"बोललो असतो, तर तू गेली असतीस."

या माणसाने तीस वर्षांचं झाड डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा जाऊ दिलं होतं, आणि तेही तोंड मिटून. ती म्हणाली, "नाही जायची मी. आता सांगा काय करायचं ते."

तिने वाटीभर तुरीचे दाणे आणले आणि चाळीस पिशव्या त्याच्या खुर्चीसमोर मांडल्या. पहिला दाणा तिने खोल खुपसला.

"अगं, मुळं तुटतील! डोळे आहेत का बटणं?" म्हातारा खेकसला आणि लगेच घाबरून तिच्याकडे पाहू लागला.

तिने दाणा काढला, थोडा वर लावला आणि पुढची पिशवी ओढली.