कॅप्टनचा होकार

लिंबूला बोटीची हौस अजिबात नव्हती. पाण्याशी त्याचा संबंध अंघोळीपुरता. पन्नाशीला टेकलेला माणूस, स्वतःचं चष्म्यांचं दुकान, लग्नाच्या वयाची मुलगी, आणि मित्रांत अजून लिंबूच! शाळेत पकडापकडी खेळताना त्याला लिंबूटिंबू धरायचे. म्हणजे तो पळणार, धापा टाकणार, पण त्याने कुणाला पकडलं तर ते मोजायचं नाही. पुढे त्या टोळीतला एक दातांचा डॉक्टर झाला, एक वकील झाला, त्यांची जुनी नावं सगळे विसरले. ह्याचं मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तरी त्या रविवारी सकाळी तो धक्क्यावर हजर झाला तो मुलीपायी. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि त्याच दातांच्या डॉक्टरच्या मुलात तिचा जीव अडकला होता. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड, पण कण्याच्या जागी त्याला देवाने शेवई घातलेली. बापाच्याच दवाखान्यात बसायचा, बापाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. ‘पप्पा हो म्हणाले तरच,’ एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. दोन वर्षं मुलीने ते ऐकून घेतलं. शेवटी ती लिंबूला म्हणाली, ‘‘बाबा, ते तुमचे मित्र आहेत ना? तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी.’’

मित्र! आता मुलीला काय सांगणार?

डॉक्टरने नुकतीच शिडाची यॉट घेतली होती, आणि तेव्हापासून त्याला कॅप्टन म्हटलेलं आवडायचं. त्या रविवारी त्याने वकिलाला आणि लिंबूला फेरीला बोलावलं होतं. धक्क्यावरचा रखवालदार दोनदा म्हणाला, ‘‘साहेब, वारा चढणार आहे, आज सगळ्यांनी बोटी बांधून ठेवल्यात.’’ कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘त्यांच्या बोटी आहेत, बांधतील. मी चालवायला घेतलीय.’’

बोटीवर चढल्या चढल्या वकिलाला आणि लिंबूला त्याने लाइफ जॅकेटं दिली आणि कमरेचे पट्टे दिले. पट्ट्याला दोरी, दोरीच्या टोकाला कडी, ती बोटीला अडकवायची. माणूस पडला तरी बोटीलाच लटकतो. स्वतः त्याने दोन्हीतलं काही घातलं नाही. पट्टे म्हणे नवशिक्यांनी घालायचे, आणि जॅकेट त्याच्या पोटावर बसत नव्हतं. मग त्याने मास्तरकी सुरू केली. हे सुकाणूचं चाक. बोट थांबवायची असेल तर चाक वाऱ्याकडे फिरवायचं, वारा नाकावर घ्यायचा, शिडं फडफडायला लागतात आणि बोट जागच्या जागी उभी राहते. आणि दोर कधी, म्हणजे कधीही, हाताला गुंडाळायचा नाही. ‘‘समजलं का रे लिंबू? नाहीतर मला वाटेल तू दोरीवर चष्मे वाळत घालतोस.’’

किनारा मागे पडला तेव्हा वारा बरा होता. लिंबूने विचार केला, आता नाही तर कधीच नाही. घसा खाकरून त्याने विषय काढला. मुलांचं एकमेकांवर मन आहे, दोघं समजूतदार आहेत, आपली एवढी जुनी ओळख... 

 कॅप्टन वकिलाकडे वळून म्हणाला, ‘‘ऐकलंस? ह्याला वाटतं माझा पोरगा म्हणजे काचेमागची फ्रेम आहे. आवडली, नाकावर चढवली, चालायला लागलो!’’

वकील खो खो हसला. त्याला हसायला काहीही चालायचं.

‘‘नाही, मुलगी वाईट नाही हं,’’ कॅप्टन पुढे म्हणाला. ‘‘माझ्याकडे दात दाखवायला येते ना. तोंड छान मोठं उघडते. पण तेवढ्यावर कुणी सून करतं का? पोराला दोन वर्षं टाइमपास झाला, तिचीही हौस फिटली. संपलं. तू आता तिच्यासाठी एखादा चष्मेवालाच बघ.’’

आणि लिंबू काय करतोय? तोही हसला! हीच त्या माणसाची जन्माची खोड. कुणी तोंडावर थुंकलं तरी हा आधी हसणार आणि मग रुमाल शोधणार.  मुलगी घरी फोन उशाशी घेऊन बसली असेल. तिला जाऊन हे सांगायचं? कोणत्या शब्दांत सांगायचं?

त्यानंतर वारा चढला, आणि चढला म्हणजे काय, अंगावरच आला. बोट एका कुशीवर कलंडली, खालच्या बाजूचा कठडा पाण्यात गेला, लाटा थेट पायांवरून वाहायला लागल्या. दोरांमधून शीळ निघायला लागली. शिडं आधीच आखडून घ्यायला हवी होती हे लहान पोरालाही कळलं असतं, पण कॅप्टन ‘‘ही खरी मजा!’’ म्हणून ओरडत होता. वकिलाची मजा पाच मिनिटांत तोंडावाटे बाहेर पडली. तो बादली घेऊन खालच्या केबिनमध्ये शिरला आणि त्याने वरचं झाकण लावून घेतलं.

अखेर कॅप्टनचाही चेहरा उतरला. पुढचं शीड उतरवायचं होतं, ते वरती कुठेतरी अडकलं होतं. कुणीतरी पार टोकापर्यंत जायला हवं होतं.

‘‘लिंबू, जा!’’

‘‘मी? अरे, मला काय येतं त्यातलं?’’

‘‘मग चाक धरतोस? धरतोस चाक? नाही ना? मग जा! तू गेलास तर दुकान बंद होईल, मी गेलो तर सगळेच बुडू!’’

लिंबू गेला. चार पायांवर रांगत गेला. एकेका लाटेला डोळे मिटत, कडी एकीकडून सोडत, दुसरीकडे अडकवत. चष्मा कधी वाहून गेला हेही त्याला कळलं नाही. शिडाच्या कापडाला लोंबकळून त्याने ते खाली ओढलं, नखं मुळापासून उलटली, ओठ फुटला. आणि मागून काय ऐकू येतंय, तर हसणं. कॅप्टन हसत होता. ‘‘अरे, मुलीचं लग्न ठरवायला आलायस की फरशी पुसायला?’’ भीतीने हसत असेल, नाही असं नाही. पण लिंबूच्या आत त्या हसण्याने काहीतरी कायमचं तुटलं.

तो रांगत परत आला तेव्हा उतरवलेल्या शिडाचा दोर मोकळा सुटून चाबकासारखा फटकारत होता. कॅप्टनने तो एका हाताने पकडला आणि, आता ह्याला काय म्हणावं, झर्रकन उजव्या पंज्याला दोन वेढे दिले. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा हा बाबा! तेवढ्यात बोटीला असा हिसका बसला की चाकावरचा हात सुटला आणि कॅप्टन खालच्या बाजूने सरळ पाण्यात.

दोर ताणला गेला आणि तो त्यालाच लटकला. बोट पळत होती आणि तो बाजूने फरफटत होता, हातभर अंतरावर. डोकं पाण्याखाली जायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. वेढे पंज्यात रुतत होते.

लिंबूने चाक धरलं.

‘‘फिरव!’’ कॅप्टन किंचाळला. ‘‘वाऱ्याकडे फिरव!’’

लिंबूला ठाऊक होतं कुठे फिरवायचं ते. सकाळीच तर शिकवलं होतं. त्याने चाक घट्ट धरलं आणि होतं तसंच सरळ ठेवलं.

‘‘मुलांच्या लग्नाला तुझी हरकत आहे का?’’ त्याने विचारलं.

पाण्यातल्या माणसाला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या डोळ्यांत ते कळणं दिसलं, आणि खरं सांगायचं तर लिंबूला ते बघून बरं वाटलं. बरं काय, गोड वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याकडे कुणी एवढं लक्ष देऊन बघत होतं.

‘‘हो! हो! कर लग्न! फिरव रे!’’

‘‘मुलगी कशी आहे माझी?’’

‘‘चांगली आहे! हात... माझा हात...’’

‘‘तोंड उघडते म्हणाला होतास.’’

एक लाट कॅप्टनच्या तोंडात गेली. तो वर आला तेव्हा रडत होता. शाळेतल्या पोरासारखा भोकाड पसरून रडत होता. ‘‘चुकलो, माफ कर, तुझ्या पाया पडतो...’’ एवढं मिळाल्यावर तरी थांबायचं! पण नाही. इतक्या वर्षांची भूक एका घासात कशी भागणार? लिंबूने त्याच्याकडून लग्न लावून देण्याची शपथ वदवून घेतली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतो तशी, पोराचं नाव घेऊन. मग ती पुन्हा घ्यायला लावली. मग कुठे चाक फिरवलं.

उरलेलं शीड फडफडलं, बोट थांबली. वकिलाला हाका मारून बाहेर काढला, दोघांनी मिळून ते धूड वर ओढलं. उजव्या हाताकडे पाहून वकील पुन्हा बादलीकडे पळाला.

हॉस्पिटलच्या खोलीत चौथ्या दिवशी लिंबू भेटायला गेला. जायचं धाडस होत नव्हतं, पण मुलगी रोज तिथेच बसून होती आणि ‘बाबा, तुम्ही कसे आला नाहीत?’ म्हणून सारखी विचारत होती. कॅप्टनने सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं की लिंबूने माझा जीव वाचवला. लग्नाला होकारही शुद्धीवर आल्या आल्या त्यानेच दिला होता, सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी आणून.

कॅप्टनच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं होतं. तीन बोटं गेली होती, अंगठा होता पण नावाला. मुलगी खाटेवर बसून त्याला चमच्याने सूप भरवत होती. एवढी खूश ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

‘‘जा गं, जरा पाणी गरम करून आण,’’ कॅप्टन म्हणाला. ती गेली.

लिंबू खाटेजवळ सरकला. ‘‘मी... अरे, त्या वेळी मला...’’

‘‘बोलू नकोस,’’ कॅप्टन अगदी शांतपणे म्हणाला. ‘‘मीही कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. शपथ घेतलीय ना मी, ती पाळणार. लग्न होणार, माझ्याच घरात ती राहणार. रोज. मी म्हणेन ते करणार, आणि कशासाठी हे तिला कधी कळणार नाही. तुला तेवढं कळेल.’’

‘‘तिचा काय दोष आहे रे?’’

‘‘काहीच नाही. पोरगी फार चांगली आहे.’’

मुलगी पाणी घेऊन आत आली. कॅप्टनने तिच्याकडे बघून तोंडभर हसू आणलं. ‘‘बेटा, तुझ्या बाबांना सांगितलंस का, नोकरी सोडतेयस ते?’’

‘‘अय्या, नाही की!’’ ती लिंबूकडे वळली. ‘‘बाबा, काका म्हणतात आता त्यांच्या हाताखाली भरवशाचं माणूस हवं. जेवण, औषधं, कपडे, सगळंच एका हाताने कसं होणार? मीच म्हटलं, मी आहे ना. हे काय परक्याचं घर आहे?’’

‘‘घाई कशाला?’’ लिंबू म्हणाला. ‘‘नोकरी राहू दे. लग्नाचंही... जरा थांबलं तर...’’

‘‘थांबू?’’ ती हसायलाच लागली. ‘‘तुम्हीच तर ह्यांचं मन वळवलंत ना, बाबा! आणि आता तुम्हीच थांब म्हणता?’’

 थांब का म्हणतो हे सांगायचं तर मुलीसमोर सगळंच सांगावं लागलं असतं. चाक कसं सरळ धरलं ते, आणि किती वेळ धरलं ते.  मुलीने पर्समधून फोन काढला आणि लॅबला लावला. ‘‘हॅलो, सर, मी उद्यापासून येणार नाहीये,’’ ती सांगत होती, आणि आनंदाने तिचा आवाज कापत होता.

‘‘जाताना दार ओढून घे,’’ कॅप्टन लिंबूला म्हणाला. ‘‘वारा येतो.’’