एका परातीत जेवणारी माणसं

मी एक जुनी परात आहे. ॲल्युमिनियमची, पोचे आलेली, एका बाजूला काठ जरा जाड. बोबो-जुलासो शहराच्या कडेला भांडी ओतायचा एक कारखाना आहे, तिथल्या भिंतीवर मी राहते. मित्रांनो, मला शूर समजू नका. परातीला पळता येत नाही म्हणून ती जागच्या जागी असते, एवढंच. भीती मलाही तुमच्याइतकीच वाटते.

माझा जन्म भंगारातून झाला. मोटारसायकलच्या इंजिनाचा तुकडा, खिडकीची चौकट, बुडं गेलेली पातेली असं सगळं सिदिबेने गाढवाच्या गाडीतून आणलं. सिदिबे फुलानी, म्हणजे गुरं राखणाऱ्या जमातीचा. ते भंगार वितळवून वाळूच्या साच्यात मला ओतलं ते मिलोगोबाबांनी. ते बोबो, शेती करणाऱ्या जमातीचे, आणि कारखाना त्यांचाच. ओतताना सिदिबेचा साच्याला धक्का लागला आणि माझा काठ बिघडला. असली परात विकत कोण घेणार? मग मला घरचीच करून टाकली, आणि दुपारचं जेवण माझ्यातच होऊ लागलं.

त्या दिवसापासून दोघांची जुंपली ती जुंपलीच. बाबा म्हणायचे, या दूधपित्याला बायको आणि गाय यांतली एक निवड म्हटलं तर हा गाईचं दावं धरील. सिदिबे म्हणायचा, बोबोच्या घरी तान्ह्या पोरालाही ज्वारीच्या दारूची गुटी देतात. हसून हसून सगळ्यांना ठसका लागायचा. तुम्हाला मेव्हण्याची थट्टा करायचा हक्क असतो ना, तसा आमच्याकडे अख्ख्या बोबो जमातीला फुलान्यांची आणि फुलान्यांना बोबोंची थट्टा करायचा हक्क आहे. वाटेल ते बोलावं, पण रागवायचं नाही, आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. एकाच्या घरी कुणी वारलं, तर दुसऱ्याने तिथे जाऊन मेलेल्याची नक्कल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं. वाडवडिलांनी घालून दिलेली रीत आहे ही.

माझ्याभोवती बसणाऱ्यांत बाबांचा भाचा सुंगालो फार खोडकर. स्वयंपाक करणारी कोरोतिमीमावशी शेंगदाण्याच्या कालवणाचा भात वाढायची आणि मधोमध मासा ठेवायची. सुंगालो आभाळाकडे बोट दाखवून "ते बघा गिधाड" म्हणायचा, की मासा त्याच्या बाजूला सरकलेला असायचा. रोज तेच गिधाड आणि रोज सगळे फसायचे.

पुढे तो ट्रक चालवायला उत्तरेकडे गेला. तिकडे बंदूकवाले गावं जाळत होते. एके दिवशी त्यांनी रस्त्यात ट्रक अडवला, आणि सुंगालो परत आला नाही.

बंदूकवाल्यांत फुलानी आहेत, असं लोक बोलू लागले. काही होतेही. पण बोलता बोलता "काही" हा शब्द गळून पडला आणि सगळेच फुलानी तसले झाले. चहाच्या टपरीवर सिदिबेला कुणी जागा देईना. तो जीव मुठीत धरून यायचा आणि मान खाली घालून जायचा.

सुंगालोच्या घरी रडारड झाली तेव्हा सिदिबे गेलाच नाही. बाबा दिवसभर दाराकडे बघत होते, असं मावशी नंतर सांगत होती. बाबा कामावर परतले ते गप्पच. दूधपित्या नाही, गाय नाही, काही नाही. सिदिबेशी बोलायचे तेसुद्धा परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं इतक्या अदबीने. शिव्या मी पुष्कळ ऐकल्यात मित्रांनो, पण ती अदब मला शिवीपेक्षा जास्त लागली.

मग प्रत्येकजण आपापला डबा आणू लागला. सिदिबे भंगाराच्या ढिगामागे एकटा जेवायचा. मला धुवून खिळ्याला टांगलं, आणि माझ्यावर काजळीचा थर बसला. माझा उपयोग संपला याचं वाईट वाटलंच. पण खरी धास्ती दुसरीच होती. एका परातीत जेवणाऱ्याच्या अंगावर हात टाकताना माणूस थबकतो. डबे वेगळे झाले की कशाला थबकेल?

आणि ती दुपार आलीच. फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. पुढे कासूम, सुंगालोचा जिवलग मित्र. तोही बोबोच. हातात कोयता, मागे काठ्या घेतलेली माणसं. कासूमने आवाज न चढवता विचारलं, इथे एक फुलानी आहे ना?

मावशीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. ढिगामागे पत्रा किंचित वाजला. सिदिबे तिथेच होता, आणि मागे भिंत होती. तो आता मेलाच, असं मला वाटलं.

बाबा उठले आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. सदऱ्याच्या टोकाने काजळी पुसून त्यांनी मला अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि मावशीला भात आणायला सांगितलं. मग त्यांनी हाक मारली. "सिदिबे, बाहेर ये."

मला वाटलं, दिला यांनी माणूस. सिदिबेलाही तेच वाटलं असणार, कारण तो भिंतीला खेटत बाहेर आला. मावशीने वाढलेल्या भातातून वाफ निघत होती, मधोमध मासा होता.

"बस," बाबा म्हणाले. "या सगळ्यांसमोर सांग. माझं पोर गेलं, आणि हसवायला तू का नाही आलास?"

सिदिबे माझ्याकडे बघत म्हणाला, "भीती वाटली बाबा. तुम्ही मला दारातून हाकलाल, असं वाटलं."

"मी वाट बघत होतो रे, दूधपित्या."

सिदिबे माझ्या जाड काठापाशी बसला. सुंगालोची जागा तीच. त्याने बोट आभाळाकडे केलं.

"ते बघा गिधाड," तो म्हणाला. अगदी सुंगालोच्या आवाजात.

आणि कोयता हातात असलेल्या कासूमने वर पाहिलं. सवयच ती, तोही कितीदा तरी माझ्यात जेवला होता. त्याने मान खाली केली तेव्हा मासा सिदिबेपुढे होता. बाबा हसले, आणि हसता हसता असे रडू लागले की मावशीने त्यांना धरलं. मागच्या काठीवाल्यांतलाही एकजण तोंड झाकून हसला.

कासूम हसला नाही. "पुन्हा येईन," एवढं बोलून तो माणसं घेऊन निघून गेला. कशासाठी येईन, ते मात्र बोलला नाही.

अजून फाटकाशी मोटारसायकल वाजली की माझा काठ शहारतो. सगळे डबे काही सुटलेले नाहीत, दोघेजण अजून लांबच बसतात. मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी परात असेलच. तिच्यावर काजळी बसू देऊ नका. आणि रोज चिडवणारा माणूस एकाएकी फार अदबीने बोलू लागला, तर तिथेच थांबून त्याला विचारा, काय झालं म्हणून.

काल कासूम आला. एकटा, हात रिकामे. त्याने हात धुतले आणि माझ्यापाशी बसला. मासा मधोमध होता. सिदिबेने तो हळूच त्याच्या बाजूला सरकवला.