उचलबांगडी: दागिने नव्हेत

“उचलबांगडी! आणि दागिन्यांत घातलीय हो!” तात्या एवढ्या मोठ्याने हसले, की वाचनकक्षातल्या चार माना वर झाल्या.

कॉलेजच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं तात्या पुस्तकांच्या नोंदी करत आले होते. पुस्तक उघडायचं, चाळायचं, विषय ओळखायचा, कपाटातली जागा नेमून द्यायची. आता ते काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं घाटत होतं. नमुन्यादाखल कंपनीने हजार नोंदी करून पाठवल्या, आणि तपासायला बसवलं तात्यांनाच. सारख्या बदल्या झालेल्या एका अधिकाऱ्याच्या ‘उचलबांगडी’ नावाच्या आठवणी कंपनीने दागिन्यांत घातल्या होत्या. ‘पाठच्या बहिणी’ पाठदुखीत. ‘पोटचा गोळा दूरदेशी’ जठराच्या विकारांत.

“हसा पोटभर,” ग्रंथपाल बाई खुर्ची ओढत हळूच म्हणाल्या. “पन्नासच्या वर चुका निघाल्या की करार रद्द. तुमचं टेबल वाचलं. शनिवारी अहवाल द्या. किती झाल्या?”

“त्रेसष्ट.”

“देव पावला!”

तात्यांनाही तसंच वाटलं. पण हसू ओसरलं, तशी परदेशी गेलेल्या मुलाची ती आई जठराच्या विकारांत अवघडून बसलेली त्यांना दिसू लागली. हरवलेलं पुस्तक कधीतरी सापडतं. भलत्याच जागी नीट लावलेलं पुस्तक म्हणजे जिवंतपणी पुरलेलं. न राहवून त्यांनी नोंदी करणाऱ्याचा खाली दिलेला नंबर फिरवला.

एका मुलीने फोन उचलला.

“बाळ, पोटचा गोळा म्हणजे काय गं?”

“ट्यूमर ना, सर?”

“अगं, आपलं लेकरू! पुस्तक उघडून तरी बघायचंस.”

“पुस्तक कुठलं, सर? नुसता मुखपृष्ठाचा फोटो येतो. दिवसाला दीडशे नोंदी. पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ बघतात.” मग तिचा आवाज बारीक झाला. “चुका पन्नासच्या वर गेल्या का हो?”

तात्यांनी समोरच्या कागदावरचा त्रेसष्टचा आकडा पाहिला.

“मला काढतील, सर. घरात मी एकटीच कमावती.”

तात्यांच्या घरी तरी दुसरं कोण कमावत होतं?

“अहवालाआधी दुरुस्त केलेलं चालतं,” ती म्हणाली. “पण काय दुरुस्त करायचं, ते मला कळायला नको?”

तात्यांनी चष्मा पुसला. परत पुसला.

“लिही,” ते म्हणाले. “उचलबांगडी: दागिने नव्हेत, हकालपट्टी. कानउघाडणी: कानाचा दवाखाना नव्हे, बोलणी. पाठची म्हणजे आपल्यानंतर जन्मलेली.”

दोन दिवस हे चाललं. पोरगी खुदखुदत होती, लिहीत होती. शनिवारी अहवालात चुकांच्या रकान्यात तात्यांनी शून्य लिहिलं.

“स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात, तात्या!” बाई म्हणाल्या.

“नोंदी आता बरोबर आहेत, बाई. खोट्या चुका कुठून आणू?”

महिनाअखेरीस टेबल गेलं, तात्याही गेले.

“परक्या पोरीची माया आली,” बायको म्हणाली, “घरच्या माणसाची नाही आली.”

पोरीचा मात्र दुपारी फोन यायचा. एखादा शब्द अडलेला असायचा. “घ्या, तुमचं कॉलेज आलं,” म्हणत बायको फोन पुढे सरकवायची.

एका दुपारी तिला काहीच अडलं नव्हतं.

“सर, उद्यापासून येऊ नका म्हणालेत. आता नोंदी मशीनच करणार.”

“आणि आपली यादी?”

“ती मशीनला दिली त्यांनी.”

तात्यांनी भिंतीला पाठ टेकली. तीच पुढे म्हणाली, “शेवटचं पुस्तक सांगू? ‘डोळे मिटण्याआधी’. नेत्ररोगात नाही टाकलं मी.”

“मग?”

“मृत्यू.”

“बरोबर,” तात्या म्हणाले.

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.