रॉकेलातून बाहेर काढलेला मी

मी सोडियमचा अणू बोलतोय. जरा हळू, एकदम जवळ येऊ नका. माझा स्वभावच दचकणारा. हवेतही मला राहवत नाही, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला रॉकेलच्या बाटलीत बुडवून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं.

एकटा नव्हतो म्हणा. माझ्यासारखे अगणित अणू मिळून आमची काही ढेकळं होती. माझ्याकडे अकरा इलेक्ट्रॉन. दहा आतल्या कवचांत शहाण्यासारखे बसलेले, अकरावा मात्र घरात टिकायचा नाही. ढेकळभर उंडारायचा. शेजाऱ्यांचेही तसेच उंडारायचे, मग तक्रार करायची कुणाकडे?

अशात रसायनशास्त्राला नवी मॅडम आली. वय लहान, आवाज त्याहून लहान. आमच्या बाटलीचं झाकण उघडताना श्वास रोखून धरायची. बाहेर कुणी स्टूल सरकवलं तरी तिच्या हातातला चिमटा खळकन वाजायचा. मला ती पहिल्याच दिवशी आपली वाटली.

एका सकाळी ती विभागातल्या मोठ्या मॅडमना म्हणाली, "ताई, आज सर वर्गात बसणारेत. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आजच ठरणार. मी आपलं फळ्यावर चित्र काढूनच शिकवू का?"

"चित्र गेल्या आठवड्यात काढलंस की. काय कळलं पोरांना?"

"सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो म्हणून तो दानशूर आहे, असं निम्म्या वर्गाने लिहिलंय."

"मग दाखव जाळून! खातोय का तो तुला?"

"खात नाही हो ताई, पण उडतो!"

मोठ्या मॅडम हसत हसत निघून गेल्या. ही मात्र ओठ चावत उभी राहिली, आणि मग तिने बाटली खाली काढली.

वर्गात धूर ओढून घेणारं काचेचं कपाट होतं. त्यात क्लोरीन वायूने भरलेले दोन जार, पिवळसर हिरवे. विभागप्रमुख सर मागच्या बाकावर, हातात पेन. मॅडमने माझ्या शेजारच्या ढेकळाचा तुकडा कापला, लांब दांड्याच्या चमच्यात तापवला आणि जारमध्ये सोडला.

मिठाचा पांढरा धूर यायला हवा होता. आली काळीकुट्ट काजळी!

"मॅडम, हे मीठ कुठल्या दुकानातलं?" मागून कुणीतरी विचारलं. सगळा वर्ग खिदळला. सरांचं पेन हललं.

मॅडमचे कान लाल झाले. आता ही रडणार, आणि आपण जन्मभर त्या बाटलीत राहणार, असं मला वाटलं. पण ती चिमट्याकडे बघत राहिली. त्याच्या टोकावरून रॉकेल ठिबकत होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "रॉकेलात सोडियम शांत असतो ना, म्हणून घाबरून मी ते पुसलंच नाही. जळलं ते रॉकेल. ही काजळी त्याचीच."

मग तिने मला उचललं. म्हणजे मी ज्यात होतो तो तुकडा. टिपकागदावर दाबून दाबून कोरडा केला, वरचं पापुद्र्यासारखं आवरण कापून टाकलं. आतून आम्ही चांदीसारखे लखलखलो. तिने आम्हाला चमच्यात टाकून ज्योतीवर धरलं.

चमच्यात वितळलो, पेटलो, वायूत शिरलो. समोर क्लोरीनचा अणू. त्याच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, आठवा हवा म्हणून नुसता वखवखलेला. खरं सांगतो, मी काही हसत हसत दिलं नाही. माझा इलेक्ट्रॉन उपटून काढायलाही ऊर्जा लागते. पण तो गेला, आणि मी आयन झालो. माझ्यावर धन प्रभार, त्याच्यावर ऋण. मग जी ओढ लागली म्हणता! आम्ही एकमेकांना येऊन भिडलो, तेव्हा उपटायला लागली त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा बाहेर पडली. वर्गाला दिसला तो झगझगीत पिवळा उजेड. मागोमाग पांढरा धूर, आणि काचेवर मिठाचा थर.

खिदळणं बंद झालं. मघाचाच आवाज आला, "मॅडम, मग यातला कुठला सोडियम कुठल्या क्लोरीनचा?"

"कुणी एकाचा नाही," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेले क्लोरीन, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. लग्नाची जोडी नाही रे ही, आख्खी वस्ती आहे. या ओढीलाच आयनिक बंध म्हणायचं."

तास संपल्यावर सर पुढे आले. "तो काळा जार धुऊ नका. दुपारच्या तुकडीला आधी तोच दाखवा."

"दुपारची तुकडी माझ्याकडे नाहीये, सर."

"आजपासून आहे. पुढच्या वर्षीही असेल."

ती स्टुलावर मटकन बसली आणि एकटीच हसत सुटली.

मी आता जारच्या काचेवर बसलोय, बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन घेऊन, सहा शेजाऱ्यांच्या मधोमध. इतकं निवांत मला कधीच वाटलं नव्हतं. हे सारं त्या पोरीमुळे, पण तिचे आभार मानायला मला तोंड नाही. तुम्ही तिच्या वर्गात असाल, तर तास सुटल्यावर माझ्या वतीने तिच्या टेबलापाशी जा आणि एवढंच म्हणा, "मॅडम, समजलं."