तीन मिलिबार

१८ जुलै १९७२. सकाळ. पाऊस : शून्य. वायुभार : नेहमीपेक्षा तीन मिलिबार जास्त. शेरा :

शेऱ्याचा रकाना धर्माजीने कोराच सोडला. कर्जतच्या हवामान-खोलीत चौदा वर्षं तो रोज दोनदा भिंतीवरच्या काचेच्या नळीतला पारा वाचत आला होता. हवा जड झाली की पारा चढतो, हलकी झाली की उतरतो, आणि उतरला की पाऊस जवळ येतो. चौदा पावसाळे त्याने पाहिले, पण इतका चढून बसलेला पारा पाहिला नव्हता. ढग यायचे, घाटाला टेकायचे नि विरून जायचे.

दाराशी चंद्रभागा उभी. धाकटी बहीण. कडावहून चालत आलेली, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. जुलैत धूळ.

"दादा, भिजवू का नको, एवढंच सांग."

राबातली रोपं जूनमध्येच करपली होती. आता एकच वाट होती, रहूची. भात भिजत घालायचं, मोड आणायचे आणि ते मोडच चिखलात फेकायचे. पण भिजवलेलं भात पुन्हा कणगीत जात नाही. आणि चंद्रभागेच्या कणगीत होतं ते शेवटचं. ती नि तिची सासू ठकूबाई, दोघींनी वर्षभर खायचं तेच, पेरायचंही तेच.

"वरच्या आळीत काय म्हणतात?"

"पंचांग काढून बसलेत. पुष्य नक्षत्राचं वाहन बेडूक हाय म्हणं, लई पाऊस. सासू म्हणाली, बेडूक ऱ्हाऊ दे त्यांच्या घरात. आपला धर्मा सरकारी काचंत पाऊस बघतो, त्याला इचार."

धर्माजीला हसू आलं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातलं पंचांग गेलं. अठ्ठावन्न साली ही नळी आली. तेव्हापासून खालची अख्खी आळी त्याला विचारून पेरत होती, आणि एकदाही फसली नव्हती.

"मग? काय म्हणतो तुजा पारा? का तोबी उपाशी हाय?"

"पारा चुकतोय गं," धर्माजी म्हणाला.

इथे गोष्ट थांबवायला हवी, कारण पुढचं वाक्य बोलायच्या आधी धर्माजीही थांबला होता. नळीत हवा शिरली तर पारा उतरतो. चढत नाही. कधीच नाही. शिकायला गेला तेव्हा पहिल्याच दिवशी हे घोकून घेतलं होतं. सकाळीच त्याने नळी दोनदा तपासली होती, तिच्यात काही बिघाड नव्हता. पण समोर बहीण उभी होती आणि चौदा वर्षांत त्याने कुणाला 'पाऊस येत नाय' असं सांगितलं नव्हतं.

चला पुढे.

"नळीत हवा शिरलीय. तीन वजा केले की बरोबर येतो. आठवड्यात पाऊस लागेल."

"भिजवू मग?"

"भिजव."

१८ जुलै, संध्याकाळ. वायुभार : नेहमीइतका. शेरा : यंत्र सदोष, तीन वजा करून नोंद.

२० जुलै. पाऊस : शून्य. (कडावला भात भिजलं.)

२३ जुलै. पाऊस : शून्य. (मोड आले. दोघी बायांनी ओढ्यातलं उरलंसुरलं पाणी हंड्यांनी वाहून एका खाचरापुरता चिखल केला.)

२६ जुलै. शून्य. (चिखलाला भेगा.)

३० जुलै. शून्य. (भेगांत बोट जातं. मोड आधी पिवळे, मग काड्या.)

कंसातलं वहीत नव्हतं. वहीत वायुभार नेहमीइतका होता, महिनाभर.

ऑक्टोबरात पुण्याहून एक अधिकारी आला. वही चाळता चाळता अठरा जुलैवर त्याचं बोट थांबलं.

"इथपर्यंत तुमचे आकडे आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांशी जुळतात. सगळीकडेच भार जास्त होता. मग तीन का वजा केले?"

"पाऊस नव्हता साहेब. वाटलं, यंत्रच..."

"यंत्र बरोबर होतं." अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. माणूस रागीट नव्हता, हेच वाईट. "दक्षिण अमेरिकेच्या पलीकडच्या अंगाला समुद्र तापलाय. काही वर्षांनी तापतो तसा. तिथली मासळी नाहीशी झाली, मासळीवर जगणारे पक्षी मेले. समुद्र तापला की त्या बाजूची हवा हलकी होते, आणि आपल्या बाजूची जड. तागडीची दोन पारडी समजा. जड हवेखाली ढग वर चढत नाहीत."

"एवढ्या लांबून?"

"एवढ्या लांबून. तुमच्या नळीला कळलं होतं."

तीन मिलिबार वहीत पुन्हा मिळवायला दुपार लागली. तांबड्या शाईने.

डिसेंबरात तो खालापूरकडच्या वीटभट्टीवर गेला. चंद्रभागा साच्यात चिखल थापत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. समुद्र, मासळी, तागडी. आणि शेवटी नळीत हवा नव्हती, हेही.

तिचे हात थांबले नाहीत.

"तुला तवाच ठाव हुतं?"

"हो."

तिने साचा उचलला. वीट जमिनीवर राहिली, कडा नीट. ती पुढच्या विटेकडे सरकली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सासूला सांगू नगंस. आळीतबी नगं. भावानं फसवलं म्हणून वरच्या आळीतले हसतील, नि आपल्याला पुन्यांदा बेडूक इचारायला लावतील."

"चंद्रे..."

"सांगू नगं म्हनलं ना."

झोपडीच्या तोंडाशी ठकूबाई बसली होती, चुलीपुढे. गालफडं बसलेली, आवाज मात्र खणखणीत. "धर्मा आला काय रं? ये बाबा, बस. बघितलंस ना त्या पावसाचं? तू सरकारी काचंत बघून सांगितलंस तरी आला नाय मेला! सरकारला बी जुमानत नाय!"

धर्माजी बसला. तिने कोऱ्या चहाची कपबशी पुढे केली आणि पावसाला आणखी दोन शिव्या हासडल्या, मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यानेही एखादी घालावी म्हणून.

त्याने घातली.