परत फिरणाऱ्यांचा काउंटर

मित्रांनो, मी मुठीत मावणारा एक जुना काउंटर आहे. अंगठ्याने माझी कळ दाबली की खट् असा आवाज होतो आणि काचेखालचा आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची फिरकी फिरवली की मी पुन्हा शून्य. एवढेच माझे शिक्षण. मला डोळे नाहीत, कान मात्र तिखट आहेत. त्यामुळे आपण काय मोजतो आहोत ते मला ऐकूनच कळते, आणि माझ्या आयुष्यातला निम्मा गोंधळ त्यातूनच झाला. उरलेला निम्मा माणसांनी केला.

माझा जुळा भाऊ आणि मी एकाच कारखान्यात, एकाच खोक्यात जन्मलो आणि तसेच डोंगराच्या धारेवर आलो. थंडी पडायच्या आधी उबदार मुलुखाकडे निघालेले ससाणे त्या धारेवरून जातात. ते मोजायला दोन म्हातारे मित्र घडीच्या खुर्च्या टाकून बसत. एक निवृत्त पोस्टमन, त्यांचे नाव पडले होते टपालराव. दुसरे शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत.

धारेवर एक वठलेले झाड आहे. ते ओलांडले की ससाणा 'गेला' असे धरायचे. गेलेले मोजायचे काम टपालरावांचे, माझा भाऊ त्यांच्या हातात. पण एखादा ससाणा झाड ओलांडतो आणि काय मनात येते कोण जाणे, परत फिरतो. तो पुन्हा गेला की पुन्हा मोजला जाणार. म्हणून परत फिरणारे वेगळे मोजून संध्याकाळी वजा करायचे. ते काम मास्तरांचे, आणि मास्तरांच्या हातात मी.

भाऊ खट् करी तेव्हा वाहवा होई. मी खट् केले की दोघेही 'अरेरे' म्हणत. आमचा आवाज तर अगदी सारखा. मग माझेच काय चुकत होते? बरे, चुकत होते म्हणावे तर मास्तर रोज मला मऊ कापडाने पुसत. मी फार विचार करणे सोडून दिले.

असे कितीतरी हंगाम गेले. बहुतेक दिवशी मी एक-दोनावरच बसून असे. आणि मग एके दिवशी सकाळपासून मास्तरांचा अंगठा माझ्यावर पडू लागला तो थांबेचना. खट्, खट्, खट्. मी हरखून गेलो. माझेही दिवस आले असे मला वाटले.

संध्याकाळी दोघांनी आकडे पाहिले आणि टपालराव खो खो हसत सुटले. "मास्तर, गेले त्याहून जास्त परत आले! उद्याचेही आजच बोलावलेत की काय?"

मास्तर हसले नाहीत. "मी पाहिले तेवढेच मोजलेत. उभ्या जन्मात माझं माप कधी चुकलं नाही."

"अहो, वारा आज पाठीचा होता. अशा वाऱ्यात कोण परत फिरेल?"

"मग मी खोटं बोलतोय?"

टपालरावांची बोटे मला शून्य करायला माझ्या फिरकीला लागली. मास्तरांनी मूठ घट्ट आवळली आणि ते मला घेऊन तडक निघून गेले. मी पुरता गोंधळलो. एवढे काम केले आणि त्यावरून दोन मित्रांचे फाटले!

दुकानात मास्तरांची मुलगी कापड बेतत होती. मास्तर तिच्यासमोर तणतणत होते. "असे जात होते, अगं, एकामागून एक. मध्येच वीज चमकल्यासारखं व्हायचं, पण ठिपके स्पष्ट दिसत होते." बोलता बोलता ते थबकले. अंगठा माझ्यावर आला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्.

दुकानात ससाणे? मला काहीच उमगेना.

कात्री थांबली. "बाबा, काय मोजताय?"

"ते बघ ना. चाललेत."

"बाबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे बघताय."

मास्तरांचा अंगठा माझ्या कळीवरून बाजूला झाला. इतक्या वर्षांत त्यांनी मोजणे असे मध्येच सोडलेले मला ठाऊक नाही. मला भीती वाटली.

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हे ठिपके कधीपासून दिसतायत?" मास्तरांना सांगता येईना. मुलीने मला पुढे केले. "आज सकाळी हा शून्यावर होता. हे सगळे आजचेच."

"डोळ्याच्या आतला पडदा फाटायला लागलाय," बाई म्हणाल्या. "लगेच आलात म्हणून बरं. अजून उशीर झाला असता तर तो डोळा गेला असता."

म्हणजे मित्रांनो, माझा आकडा साफ चुकीचा होता, आणि त्यानेच मास्तरांचा डोळा वाचवला. आता मी चुकलो की बरोबर आलो? हे कोडे सोडवत मी बटणांच्या डब्यात पडून राहिलो. आकडा तसाच होता. मला कोणी शून्यही केले नाही आणि पुसलेही नाही. ही शिक्षा होती की मान, तेही कोणी सांगितले नाही.

पुढच्या हंगामात दुकानात ओळखीची पावले वाजली. टपालराव बराच वेळ घसा खाकरत उभे राहिले. "मास्तर, परत फिरणाऱ्यांची बाजू मोकळी पडलीय."

"माझ्या डोळ्यांचा आता काय भरवसा?"

"संशय आला तर मला हाक मारा. मी त्या दिवशी हसलो, तिथेच चुकलो. विचारायला हवं होतं."

मास्तरांनी मला डब्यातून काढले, मऊ कापडाने पुसले आणि फिरकी फिरवली. माझा सर्वांत मोठा आकडा पुसला गेला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, एक विनंती आहे. कोणी मोजताना भलताच आकडा सांगितला तर हसू नका आणि घाईने शून्यही करू नका. आधी त्या माणसाला विचारा, तुला बरे वाटते आहे ना?

त्या दिवशी धारेवर मास्तरांचा अंगठा माझ्या कळीवर आला आणि तिथेच थांबला. "टपालराव, तो बघा. एक परत फिरलाय. खरा आहे का हो?"

खुर्ची करकरली. टपालरावांनी दुर्बीण लावली असावी. ते पाहत होते तोवर मास्तरांनी श्वासही घेतला नाही.

"खरा आहे. दाबा."

खट्.

मी एकावर आलो. या वेळी 'अरेरे' कोणी म्हटले नाही. मास्तर रडत होते आणि टपालराव हसत होते, आणि या दोन्हींचा अर्थ एकच कसा, हे मला अजून कळलेले नाही.