शिखरावरचे पेंग्विन

कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत संध्याकाळी सायकलसुद्धा शिरत नव्हती. शमनानंद महाराज ताम्हनातल्या मातीच्या डोंगरावर पळीपळीने पाणी सोडत होते आणि सातासमुद्रापलीकडच्या बेटावरचा ज्वालामुखी म्हणे थंड होत होता. त्याच बेटावर माझा राजसमामा कॉम्प्युटरच्या नोकरीला. डोंगराखालचं घर सोडून तो छावणीत राहत होता.

महाराज डोळे मिटून सांगायचे, "काल दोनदा गुरगुरला. राख पश्चिमेला गेली." मी लगेच सायबर कॅफेत जाऊन बघावं, तर वेधशाळेच्या वेबसाइटवर अगदी तेच! हे गर्दीला माइकवरून सांगायचा मान माझा. नववीतली, कॉम्प्युटर येणारी, म्हणजे दोन वेण्या घातलेलं विज्ञानच. बाबा एवढंच म्हणाले, "आधी मंडईतलं ट्रॅफिक शांत करा म्हणावं."

एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्याच वेबसाइटचा कागद मी रोज सकाळी छापून, न वाचता, महाराजांच्या पायाशी ठेवत होते. डोंगराला आशीर्वाद मिळावा म्हणून. दुपारी विश्रांतीला जाताना महाराज तो आत घेऊन जात.

सोमवारी ते म्हणाले, "डोंगर निजला. राजसला घरी जाऊ दे." आई आनंदाने आयएसडी बूथकडे निघाली, मी पुरावा आणायला कॅफेत. तिथे भलतंच. लाव्हा इतका घट्ट, की वाहत नाही. तोंडावरच साचून घुमट होतो. तो आता कधीही ढासळेल, तापलेले दगड आणि वायू काही मिनिटांत दरीत उतरतील, कोणीही जाऊ नये.

मग सकाळी मी महाराजांना दिलेल्या कागदावर काय होतं? कॅफेवाले कोंडीरामकाका म्हणाले, "सकाळी नेट बंद होतं. जुनं सेव्ह केलेलं पान छापलंस तू. वर तारीख आहे की, शुक्रवारची. तेव्हा डोंगर शांत होता."

मी धावत बूथ गाठला आणि आईच्या हातातून रिसीव्हर ओढला. "मामा, घरी जाऊ नकोस. पान जुनं होतं." मामाला काही कळलं नाही, पण तो थांबला.

दुसऱ्या दिवशीचा कागद मी स्वतः टाइप केला: शिखरावर दोनशे पेंग्विन बसले आहेत.

संध्याकाळी महाराजांनी डोळे मिटले. "शिखरावर... काळे-पांढरे पक्षी. दोनशे असावेत."

माइक माझ्याच हातात होता. मी कागदाची प्रत वाचून दाखवली, कागद रोज कुठे जायचे तेही सांगितलं. मागून एक आजोबा म्हणाले, "आणि ते नेऊन कोण देत होतं?"

"मी," हेही माइकवरच सांगावं लागलं.

गुरुवारी घुमट ढासळला. मामाचं घर गेलं. मामा छावणीत चहा पीत होता.

महाराज रोज कागद वाचत होते आणि मी वाचत नव्हते, चमत्कार एवढाच. म्हणून हात जोडून सांगते, कोणाच्याही पायाशी काही ठेवण्याआधी ते वाचा. निदान वरची तारीख तरी.